चांगदेव घर सोडतो

सरूबाईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता, पण तिला बघायला येणाऱ्यांनी पडवीत केळी आणि बिस्किटांच्या पुड्यांचा असा ढीग लावला होता, की शिनोलीत नवीन किराणा दुकान निघालं की काय असं वाटावं. ती त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून, काळा चष्मा लावून बसायची. मान हलवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे कुणी आलं की ती समोरच्या भिंतीकडे बघत नुसतं 'कोण' एवढंच विचारायची. त्या एका शब्दाने भलेभले पायरीवर अडखळत होते. आयुष्यभर चुलीपुढे बोललेलं तिचं कुणी फारसं ऐकलं नव्हतं. चष्मा लागल्यापासून मात्र घर तिच्या तोंडाकडे बघायला लागलं होतं.

त्या रविवारी सकाळी तिची तिन्ही मुलं एका पडवीत होती. सरूबाईचे मालक तात्या गेल्यानंतर वेगळा झालेला थोरला दादाभाऊ वरच्या आळीतून आला होता. धाकटी प्रतिभा मंचरहून पहिल्या एसटीने आली होती. मधला चांगदेव तर आईजवळच राहायचा. त्याची बायको मोहिनी आत पुऱ्या तळत होती.

चांगदेवाने हाच मुहूर्त धरला होता. काय बोलायचं ते त्याने पहाटे गोठ्यात म्हशीपुढे दोनदा म्हणून बघितलं होतं. म्हशीने काही हरकत घेतली नव्हती. सगळ्यांच्या हातात चहा येईपर्यंत तो थांबला. गरम कप हातात असला की माणूस एकदम अंगावर येत नाही, असा त्याचा हिशेब होता.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "मी घर सोडलं."

दादाभाऊचा कप बशीवर वाजला. प्रतिभा रडायला लागली. एसटीतून उतरल्यापासून तिला रडायचंच होतं, पण आई चांगली ठणठणीत निघाल्यामुळे जमलं नव्हतं. मोहिनी हातात झारा घेऊन दारात आली आणि झाऱ्यातलं तेल उंबऱ्यावर ठिबकत राहिलं.

"जेवून जाणार का तसाच?" सरूबाईने भिंतीला विचारलं.

चांगदेवाला चूक कळली. म्हशीपुढे हे वाक्य अगदी सरळ वाटलं होतं. तो घाईने म्हणाला, "हे घर न्हाई. ते घर."

याने गोष्ट सुधारली नाही. मोहिनी उंबऱ्यावरच बसली. ते घर कुठे आहे, असं तिने अगदी हळू विचारलं. मंचरला, असं त्याने सांगितलं. मंचरला कुठे, तर हायवेला टायरच्या दुकानावर, माडीवर. कधीपासून, तर सात-आठ वर्षं झाली असतील. मोहिनीने डोळे मिटले. ही सात-आठ वर्षं दर रविवारी हा माणूस सकाळी निघून दुपारी यायचा आणि कुठे होता म्हणून विचारलं की सांगायचा, 'घरी होतो.' ती म्हणायची, मग हे काय आहे? तो नुसता हसायचा. कामाच्या रगाड्यात तिने तो नाद सोडून दिला होता.

"आन् कोन असतं तिथं?" तिने शेवटी विचारलं.

"तीस-पस्तीस जन."

प्रतिभा रडायची थांबली.

मग चांगदेवाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तात्या गेले त्या साली तो किती प्यायला लागला होता, ते पडवीतल्या प्रत्येकाला आठवत होतं. घोडेगावच्या बाजारातून त्याला कितीदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणला होता. त्याच दिवसांत एकदा मंचरच्या मार्केटला बटाटा घालून परत येताना टेम्पोचं चाक बसलं. पंक्चर निघेपर्यंत तो टायरच्या ढिगाला टेकून बसला होता, शुद्धीत अर्धाच. तेव्हा माडीवरून एक बारीकसा माणूस लोखंडी जिन्याने उतरला. त्याने चांगदेवाला चहा पाजला आणि विचारलं, तुझं कोण गेलं? नुसतं तेवढंच. शिनोलीत सगळे त्याला 'किती प्यालास' असं विचारत होते. कोण गेलं असं कुणी विचारलं नव्हतं. तो तिथेच ढसाढसा रडला. पुढच्या रविवारी जिना चढून वर गेला.

वरच्या मंडळींना नाव नव्हतं. ती येशूला मानणारी होती, पण चर्चला जाणाऱ्यांशीही त्यांचा संबंध नव्हता. ते सुद्धा त्यांच्या लेखी बाहेरचेच. आपण कोण हे कुणाला सांगायचं नाही, हा पहिला नियम. खोटं बोलायचं नाही, हा दुसरा. या दोन नियमांची टक्कर होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या मंडळीला नुसतं 'घर' म्हणायचं ठरवलं होतं. कुठे होतास, तर घरी. झालं. गाणी म्हणायची तीही खालचा हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू असेल तेवढ्यातच. कॉम्प्रेसर बंद पडला की अर्ध्या ओळीवर थांबायचं आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत तोंड उघडं ठेवून वाट बघायची. आत गेल्यावर प्रत्येकाला नवीन नाव मिळायचं. चांगली नावं आधीच्या लोकांनी घेतली होती, म्हणून चांगदेवाच्या वाट्याला बायबलातल्या एका संदेष्ट्याचं, हबक्कूक, आलं.

"काय आलं?" सरूबाई म्हणाली.

"हबक्कूक."

"आता बरा हायस ना?" तिने काळजीने विचारलं.

दादाभाऊचा चहा केव्हाच गार झाला होता आणि डोकं तापलं होतं. तू धर्म बदललास आणि आम्हाला पत्ता नाही, भावकीत काय तोंड दाखवायचं, असं त्याने सुरू केलं. चांगदेव म्हणाला की भावकीचा प्रश्नच नाही. देव्हारा हलवू नको, गळ्यात काही घालू नको, जत्रेला वर्गणी दे, असंच त्या जिन्यावरून उतरलेल्या माणसाने, ज्याला आत सगळे वडील म्हणायचे, बजावलं होतं, म्हणजे कुणाला संशय यायला नको. यावर दादाभाऊला रागवायला नीट जागा सापडेना. ज्याचा गाजावाजा आठ वर्षांत झाला नाही त्याची आता बोंब मारायची म्हणजे आपणच मारायची, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने आवाज खाली आणला.

प्रतिभा मात्र खुलली होती. कितीतरी जुन्या गोष्टींचा तिला उलगडा होत होता. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत चांगदेवभाऊ वाकून बूट का बांधतोय? फोटो काढायचा नव्हता म्हणून. आणि पुरी, पापड, भाकरी, जे फुगलं असेल त्याला आधी बोटाने भोक का पाडतो? फुगलेलं म्हणजे गर्व, आणि गर्व पोटात जाऊ द्यायचा नाही, म्हणून. मोहिनीने यावर नवऱ्याकडे असं बघितलं की त्याला जमीन दुभंगली तर बरं, असं वाटलं. आपली भाकरी टम्म फुगते याचा तिला फार अभिमान होता, आणि हा माणूस आठ वर्षं तिच्यासमोर ती फोडत आला होता.

"मग आता सोडलं का?" दादाभाऊने विचारलं.

चांगदेवाने आईकडे बघितलं. चष्म्याच्या काळ्या काचांत त्याला दोन लहान लहान चांगदेव दिसले. खरं कारण त्याने गिळलं आणि दुसरं सांगितलं. तेही खोटं नव्हतंच. त्याला प्रश्न पडायला लागले होते. फुगलेलं वाईट, तर आपण टायरच्या दुकानावर का बसतो, असं त्याने एकदा वडिलांना विचारलं होतं. टायर खात नाहीत, असं उत्तर मिळालं. मग त्याने विचारलं की मेल्यावर आपण तीस-पस्तीसच वर, स्वर्गात जाणार आणि ही माडी तर वीस-बावीस वर्षांपूर्वीची, मग येशूपासून माडीपर्यंत मधल्या एवढ्या काळात कुणीच गेलं नाही का? वडिलांनी खूप विचार केला आणि म्हणाले, दोन-तीन जण असतील. तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते दोन-तीन जण फिरत होते. एवढ्या मोठ्या जागेत बिचारे करत काय असतील?

"त्यांना फोनवर सांगितलं, मी येनार न्हाई," तो म्हणाला. "ते आज माडी बंद ठेवून इथं यायचेत. म्हनून तुमाला आधी सांगितलं."

आता घरचे आपल्या बाजूने उभे राहतील, अशी त्याची समजूत होती. सोडलंस ते बरं केलंस, असं कुणीतरी म्हणेल. तो वाट बघत राहिला. मोहिनी उठली, आत जाऊन गॅस बंद करून आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "तुमची दारू कशानं सुटली?"

तो म्हणाला, तिथे चालत नाही म्हणून.

"आन् सोताचं ताट धुवून वर दुसऱ्या एकाचं धुता, ते?"

तोही नियमच होता. मोठ्याने ओरडायचं नाही, हाही. बाजारातून सरळ घरी यायचं, हाही. मोहिनी एकेक विचारत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरून तिथे व्यवहार दिसायला लागला. आपला नवरा सुधारला तो आपल्या नवसाने, असं ती इतकी वर्षं मानत होती. आता कळत होतं की तो सगळा मंचरच्या माडीचा हिशेब होता, आणि हा वेडा तो मोडून आला होता.

"मंग जावा की परत," ती म्हणाली. "आमी कुठं काय म्हनतो."

दादाभाऊने आधी तिला गप्प केलं. मग त्याचं त्यालाच काहीतरी आठवलं आणि तो घसा खाकरत म्हणाला की आपल्या दोघांतली बांधाची केस चांगदेवाने मागे घेतली होती, ती का? कोर्टात जायचं नाही असा नियम, असं चांगदेवाने सांगितलं. दादाभाऊ बराच वेळ अंगणातल्या कढीपत्त्याकडे बघत राहिला. त्या बांधावर त्याने आता शेवगा लावला होता, आणि शेवगा चांगला धरला होता.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "मानसानं धरलेलं एकदम सोडू नये."

प्रतिभा तेवढी एकटी चांगदेवाच्या बाजूला होती, तीही फार वेळ टिकली नाही. वहिनीने तिला आत नेऊन दारूच्या दिवसांची आठवण करून दिली आणि ती डोळे पुसत बाहेर आली ती 'भाऊ, तू जरा विचार कर' म्हणतच. चांगदेवाला आपण कुठल्या घरात आहोत तेच कळेना. ज्यांना सांगायला तो इतकी वर्षं घाबरत होता, तेच लोक त्याला हाताला धरून परत जिन्यापर्यंत पोचवायला निघाले होते.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. हेल्मेट काढत एक बारीकसा माणूस आत डोकावला. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा आवाजात त्याने विचारलं, "हबक्कूक आहेत का?"

दादाभाऊने सवयीने सांगून टाकलं की पुढच्या आळीत बघा. चांगदेव उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून सवयीचाच शब्द निघाला.

"वडील आले."

"कोन?" सरूबाई म्हणाली.

"वडील."

सरूबाईचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला आणि तिने तो पुढे ओढून घेतला. मग ती थबकली. "आरं, त्यास्नी तर नदीवर पोचवून आलो आपन," ती म्हणाली. चांगदेवाने घाईने खुलासा केला की त्यांच्यात मुख्य माणसाला वडील म्हणतात. सरूबाईने पदर तसाच राहू दिला. मुख्य तर मुख्य, असं पुटपुटली.

वडिलांच्या मागून तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई आली होती. घरच्या बायकांशी बोलायला ते नेहमी तिला बरोबर घ्यायचे. ती खाली मान घालून सतरंजीच्या कडेला बसली. प्रतिभा तिच्या पायांकडे बघत होती. मग तिच्या चपलांकडे. मग ती वाकली आणि स्कार्फच्या फटीतून बघून म्हणाली, "मंगल?"

स्कार्फ हलला नाही.

"अगं मंगल, तू तर रविवारी शिवणक्लासला जातेस."

मंगल प्रतिभाच्या गल्लीतली, दोन दारं सोडून राहणारी. तिने स्कार्फ सोडला आणि कसंनुसं हसली. तरीच, प्रतिभा म्हणाली, इतक्या वर्षांत तुला साडीला साधा फॉल लावता येईना. वडिलांनी कपाळाला हात लावला. वीस-बावीस वर्षं जपलेलं घर शिनोलीच्या पडवीत सकाळच्या चहाबरोबर फुटत होतं.

पण पुढे जे झालं त्याची त्यांना मुळीच सवय नव्हती. ते अशा घरी जायचे तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून जायचे. एकदा कुणी बादलीभर पाणी ओतलं होतं, तेही त्यांनी मुकाट सोसलं होतं. इथे मोहिनीने त्यांना पाट दिला, पुऱ्या आणल्या आणि आपल्या हाताने प्रत्येक पुरीला भोक पाडून ताटात वाढल्या. दादाभाऊने हात जोडून सांगितलं की पोरगं मनाने चांगलं आहे, चुकून बोललं असेल, तुम्ही मनावर घेऊ नका, परत घ्या त्याला. वाटलं तर चार दिवस कडक ठेवा. शाळेतून काढलेल्या पोराला परत भरती करायला आल्यासारखा तो बोलत होता. वडील पुरीकडे बघत राहिले. दोघांनी त्यांना एवढा आग्रह केला की शेवटी त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

"परत येता येईल," ते म्हणाले. "त्याने जे विचारलं त्याची क्षमा मागायची. पुन्हा विचारायचं नाही."

"एवढंच ना," दादाभाऊ म्हणाला. "मागंल की. टायरचं काय एवढं."

वडिलांनी नकारार्थी मान हलवली. चांगदेवाने त्यांच्याकडे विनवणीने बघितलं. पण वडिलांचं एक होतं, तो माणूस खरंच खोटं बोलत नसे. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"टायरचं नाही," ते हळू म्हणाले. "आईचं विचारलं त्याने."

सरूबाईने मान न वळवता विचारलं, "माझं काय?"

वडिलांनी सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी चांगदेवाने दवाखान्यातून त्यांना फोन केला होता, की सगळ्यांनी मिळून माझ्या आईसाठी प्रार्थना करा. त्यांनी त्याला समजावलं की आपण फक्त आतल्यांची नावं घेतो, बाहेरच्यांची घेत नाही. तेव्हा त्याने विचारलं, मग ती शेवटी कुठे जाणार? त्यांनी जे खरं होतं ते सांगितलं. हे सांगताना त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. त्या बाईचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं, आणि हेच ऐकायला जास्त वाईट होतं.

"म्हंजी मी बाहेर," सरूबाई म्हणाली.

"हो, आजी."

"बाहेर काय असतं?"

"अंधार."

"ते काय न्हाई," ती म्हणाली. "पट्टी व्हती तवा सवय झाली." मग तिने विचारलं, "चांग्या, तुला ठावं व्हतं हे?"

चांगदेवाने मान हलवली. तिला चष्म्यातून मान हललेली दिसेना. ती वाट बघत राहिली. त्याला तोंडाने म्हणावं लागलं.

"व्हय."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

"आन् रोज माझ्या शेजारी बसून जेवत व्हतास."

झाऱ्याचं तेल मोहिनीच्या साडीला लागलं होतं, ते तिला दिसतही नव्हतं.

"मंग आत्ताच काय झालं?" सरूबाईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी म्हैस दूध का देत नाही, हे विचारावं तशी ती विचारत होती.

चांगदेव जमिनीकडे बघून बोलला. "तुला स्ट्रेचरवरनं आत नेलं. मला बाहेर बसवलं आन् दार लावून घेतलं. मी ते दार बघत बसलो. इतकी वर्सं मी आत व्हतो ना, मला ठावंच नव्हतं बाहेर कसं वाटतं." तो थांबला. "तू नसशील तिथं जाऊन मी करू काय, आई?"

डॉक्टरांनी सरूबाईला रडायला सक्त मनाई केली होती, म्हणून तिने नुसता घसा साफ केला.

मोहिनीने वडिलांपुढचं ताट उचललं. फार अदबीने उचललं. चहा घेऊन जा, असं ती म्हणाली, पण हे आता यायचे नाहीत. भांडी धुवायला लावायला ती स्वतः समर्थ होती आणि दारूचंही ती बघून घेणार होती. त्यासाठी सासूबाईंना अंधारात उभं करायची गरज नव्हती. दादाभाऊने तोंड उघडलं. तो बांधाचं विचारणार होता, पण त्याने बहिणीकडे बघितलं आणि उघडलेल्या तोंडात एक केळं घातलं.

वडील उठले. नाव परत घेताना म्हणायचं एक वाक्य होतं, ते त्यांनी उभ्याने म्हटलं: आजपासून हबक्कूक घरात नाही. यापुढे आतलं कुणी चांगदेवाशी बोलणार नव्हतं, रस्त्यात भेटलं तरी. चांगदेवाला हे ठाऊक होतं, तरी ऐकायला जड गेलं. याच माणसाने त्याला टायरच्या ढिगापाशी चहा पाजला होता. तो फाटकापर्यंत मागे गेला. वडिलांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावायला त्यांना जमेना. चांगदेवाने हात पुढे करून तो लावून दिला. वडिलांनी लावू दिला, पण नियमाप्रमाणे बोलले नाहीत, आणि समोरच्या माणसाने आपल्या हनुवटीखाली हात घातला असताना न बोलणं किती अवघड असतं ते दोघांनाही कळलं. मंगल मागे बसली. तिने प्रतिभाला खुणेने जवळ बोलावलं आणि शिवणक्लासचं घरी कळू देऊ नको, म्हणून विनवलं. स्कूटर घोडेगावावरून मंचरच्या वाटेला लागली.

जेवणं झाली. चांगदेवाने न सांगता सगळी भांडी घासली. मोहिनी दारातून बघत होती, तिने एकदोन परत घासायला लावली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. तो पडवीत येऊन आईच्या पायाशी बसला. रविवारची दुपार इतकी मोठी असते हे तो विसरूनच गेला होता.

"तू तिथं काय करायचास?" सरूबाईने विचारलं.

"प्रार्थना."

"मंग कर की इथं. डावा डोळा राह्यलाय माझा."

त्याने इकडेतिकडे बघितलं. दादाभाऊ आडवा झाला होता, प्रतिभा डोकं विंचरत होती. त्याने डोळे मिटले आणि पुटपुटायला लागला. सरूबाई म्हणाली, मोठ्याने कर, आपण कुणाचं काही चोरलेलं नाही. तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा, खाली काही घरघरत नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं तोंड उघडलं. आईचा डावा डोळा सांगितला. मग उजवा, टाका नीट भरावा म्हणून. मग मोहिनीचं नाव घेतलं. तिने आतून ओरडून सांगितलं की गुडघ्याचंही सांगा. प्रतिभाला मुलासाठी सून जरा कमी बोलणारी हवी होती. दादाभाऊने डोळे न उघडता म्हटलं की सहज जमत असेल तर शेवग्याला किडीपासून सांभाळायला सांग. चांगदेव सगळं सांगत गेला. आतले आणि बाहेरचे सारे एकाच दमात निघाले, आणि त्याला कुठे अडखळायला झालं नाही.

"आन् त्या मानसाचं बी नाव घे," सरूबाई म्हणाली.

"कुनाचं?"

"तो आलता त्याचं. येवढ्या लांबनं आला, आन् उपाशी गेला. एकटा पडला आसंल."

चांगदेव तोंड उघडून थांबला. नाव काय घ्यायचं? त्याने खूप आठवून बघितलं. माडीवर सगळ्यांना नवीन नावं होती, वडिलांना तेवढं नव्हतं. ते नुसते वडील. इतक्या वर्षांत त्यांना काय म्हणून जन्माला घातलं होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती.

"नाव ठावं न्हाई, आई."

"मंग पत्ता सांग," ती म्हणाली. "त्येला कळंल."

चांगदेवाने पुन्हा डोळे मिटले. "मंचरला," तो म्हणाला, "हायवेला, मार्केटच्या अलीकडं..."

"पलीकडं," दादाभाऊ उठून बसत म्हणाला. अलीकडे सांगितलं तर मार्केटच्या गर्दीत चुकायला होतं. प्रतिभा फणी खाली ठेवून म्हणाली की पलीकडे नाही नि अलीकडे नाही, आता बायपास झाल्यापासून सगळंच फिरलंय; राहते मंचरला ती, यांना काय ठाऊक. मोहिनी ओले हात घेऊन बाहेर आली आणि लोखंडी जिन्याची खूण सांगा म्हणाली, खूण महत्त्वाची. सरूबाईने सगळ्यांना एकेक करून बोलायला लावलं. चांगदेव डोळे मिटून, हात जोडून बसला होता, कधी त्यांचं ठरतंय याची वाट बघत.